छापखाना कोणाचा? ‘मूकनायक’ ते मोबाईल

जागतिकीकरणामुळे आपली संस्कृती बुडत चालली, अशी ओरड गेली तीस वर्षे ऐकू येते. ओरडणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो : कोणाची संस्कृती? जिने आपल्याला पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, ती वाचवण्याची जबाबदारी आपली कशी? वारशाने आलेली ओळख आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात टाकून दिली आणि समजून-उमजून नवी स्वीकारली. आपली ओळख जपलेली नाही, घडवलेली आहे. त्यामुळे नव्या जगाकडे आणि नव्या तंत्राकडे पाहण्याची आपली दृष्टीही वेगळी असायला हवी.

मुळात जग आपल्याला नवीन नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. जातीची उत्पत्ती आणि तिची यंत्रणा उलगडणारा त्यांचा निबंध त्यांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात वाचला. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेत होते, त्याची त्यांनी चौकशी केली. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून भारत सरकार आडवे आले, तरी कार्यकर्त्यांनी तो जगासमोर मांडलाच. २०२३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. गावाने ज्यांचे ऐकले नाही, त्यांनी जगाला ऐकवले, हा आपला इतिहास आहे.

पण ऐकवायला साधन लागते, आणि तिथेच खरा प्रश्न सुरू होतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापली नाही. साधन दुसऱ्याचे असले की पैसे मोजूनही दार बंद राहते, हा पहिला धडा.

दुसरा धडा १९३६ चा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळी दचकली. मजकूर बदला म्हणाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषदच बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. तेच आजचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. व्यासपीठ त्यांचे होते म्हणून भाषण अडले. छपाई आपली होती म्हणून विचार टिकला.

स्वतःचे साधन चालवणे सोपे नव्हते. ‘मूकनायक’ तीनेक वर्षांत बंद पडला. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ते १९२९ एवढाच चालला. वर्गणी येत नव्हती, कर्ज वाढत होते. तरी १९३० साली ‘जनता’ आले आणि १९५६ साली त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्र बंद पडले म्हणून चळवळ थांबली नाही. कारण पत्राच्या मागे महाडच्या तळ्यावर आणि काळाराम मंदिराच्या दारात उभी राहणारी माणसे होती. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादांची गाणी पोचली. पुढे तीच गाणी कॅसेटवर आली आणि वस्त्यावस्त्यांत वाजली.

आता मोबाईलकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला तिची पुरेशी दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ई-मेल आणि मोबाईलवरचे निरोप यांनी ती बातमी पसरवली आणि महाराष्ट्र रस्त्यावर आला. तंत्राने आपले काम चोख केले. पण न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला नाही. बातमी मोबाईल पोचवतो. फिर्याद नीट नोंदवून घेणे, पंचनामा तपासणे, साक्षीदाराच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभे राहणे, हे काम मोबाईल करत नाही.

जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडला गेला. बातमी मोबाईलवरून झपाट्याने पसरली आणि १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या मोर्चाने आपली ताकद दाखवली. पण एक बोचरा प्रश्नही मागे ठेवला : बाबासाहेबांचा छापखाना उभा होता, तेव्हा आपल्यापैकी किती जण तिथे गेले होते?

आज आपण ज्या फेसबुक-यूट्यूबवर लिहितो-बोलतो, तो छापखाना आपला नाही. तिथे आपण भाडेकरू आहोत, आणि भाडेपट्टाही लेखी नाही. कोणाची पोस्ट वर यायची, कोणाची दाबायची, हे नफ्याचे गणित ठरवते. त्या गणिताला संतापाची भांडणे आवडतात. म्हणून आपलेच दोन गट एकमेकांवर रात्रभर तुटून पडतात आणि सकाळी विहारात शिकवणीला कोणी नसते. मोबाईल फेकून द्या असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी छापखान्याला नावे ठेवली नाहीत, तो उभा केला.

मग करायचे काय? वस्तीतल्या जुन्या कॅसेटी, जलशांच्या वह्या, ‘जनता’चे पिवळे पडलेले अंक शोधा. स्कॅन करून एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवा. त्यातली एक जागा तरी आपल्या मालकीची असू द्या. नामांतराच्या लढ्यात मार खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. चळवळीच्या नियतकालिकाची वर्गणी भरा, कारण फुकट मिळालेल्या माध्यमाची किंमत कोणीतरी दुसरा वसूल करत असतो. आणि व्हॉट्सअ‍ॅप गटात जेवढी नावे आहेत, त्यातली निम्मी तरी महिन्यातून एकदा विहारात समोरासमोर बसवा.

शंभर वर्षांपूर्वी मुक्यांना नायक हवा होता. आज आवाज प्रत्येकाच्या खिशात आहे. तो दुसऱ्याच्या दारात गहाण पडू न देणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम!