हंगेरियन नोटेशन : नावात किती सांगावे?

संगणकाची आज्ञावली लिहिताना प्रत्येक व्हेरिएबलला नाव द्यावे लागते. त्या नावाच्या प्रारंभी त्याचे स्वरूप सांगणारी अक्षरे जोडण्याच्या पद्धतीस ‘हंगेरियन नोटेशन’ म्हणतात. बुडापेस्ट येथे १९४८ साली जन्मलेले चार्ल्स सिमोनी हे तिचे जनक. झेरॉक्सच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रातून ते १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि ही पद्धत तेथे रुजली. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्याकडील शाळेच्या हजेरीपटासारखे. तसाच हा प्रकार.

सिमोनी यांना अभिप्रेत असलेली अक्षरे अर्थवाही होती. स्प्रेडशीटमधील ओळीचा क्रमांक ‘आरडब्ल्यू’ने, तर स्तंभाचा ‘कोल’ने सुरू होई. संगणकाच्या लेखी दोन्ही निव्वळ पूर्णांक. परंतु ओळीच्या जागी स्तंभ पडला, तर वाचणाऱ्याच्या तो चटकन नजरेत भरे. विंडोज प्रणालीच्या आज्ञावलीत मात्र ही अक्षरे डेटाच्या प्रकारापुरती उरली. ‘डब्ल्यूपॅराम’मधील ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘वर्ड’, अर्थात १६ बिट. विंडोज ३२ बिटांची झाली, पुढे ६४ बिटांची. त्याबरोबर हे मूल्यही वाढले. नाव तेवढे जुनेच राहिले, म्हणजे चक्क खोटे ठरले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एडिटर स्वतःच व्हेरिएबलचा प्रकार दाखवू लागले. पुढे डॉट नेटसाठीच्या नामकरणविषयक सूचनांत मायक्रोसॉफ्टनेच ही पद्धत वर्ज्य ठरवली. मग एडिटर दाखवतो म्हणून नावातून प्रकार वगळावा काय? हे कारण लंगडे आहे. सहकाऱ्याने केलेले बदल तपासताना किंवा दूरस्थ सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर संहिता वाचताना ही सोय बहुधा नसते. शिवाय चमूतील प्रत्येकाचा एडिटर एकच असेल असेही नाही. लिनक्स कर्नलच्या लेखनसंहितेने ही पद्धत कठोर शब्दांत धुडकावली, ती निराळ्या कारणाने : प्रकार कंपायलरला ठाऊक असतोच आणि तो तपासतोही. हे कारण एडिटर बदलला तरी टिकते.

अर्थाचे तसे नाही. जोएल स्पॉल्स्की यांनी २००५ साली सिमोनींच्या मूळ कल्पनेची बाजू मांडताना, वापरकर्त्याकडून आलेला असुरक्षित मजकूर आणि निर्धोक केलेला मजकूर यांचे उदाहरण घेतले. दोहोंचा प्रकार एकच, ‘स्ट्रिंग’. एडिटर तेवढेच सांगतो. त्यांतील कोणता मजकूर वेबपानावर जसाच्या तसा छापणे धोक्याचे आहे, हे नावाकडूनच कळावे लागते.