सिल्व्हराडोची चूल

घर सोडून रानात मुक्काम करणाऱ्या माणसाला वारा, चांदणे आणि वनशोभा विनामूल्य मिळते; जेवण मात्र स्वतःच्या हातांनी मिळवावे लागते. प्रवासवर्णनांत चांदण्याला जितकी पाने मिळतात तितक्या ओळीही चुलीच्या वाट्यास येत नाहीत. याला एक लक्षणीय अपवाद म्हणजे १८८० सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात मांडले गेलेले एक बिऱ्हाड. त्यात मंडळी तीन आणि एक कुत्रा. त्यांतील रुग्ण गृहस्थ पुढे 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीचा कर्ता म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याचे नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन.

त्या वेळी स्टीव्हन्सन एकोणतीस वर्षांचा होता. स्कॉटलंडमधील आपले सुखवस्तू घर सोडून १८७९ साली तो अटलांटिक महासागर ओलांडून आला आणि निर्वासितांसारख्या दीन प्रवाशांनी भरलेल्या आगगाडीतून अमेरिका खंड पार करून कॅलिफोर्नियात पोहोचला. फॅनी ऑसबोर्न या अमेरिकन स्त्रीशी विवाह करावा, हा त्याचा हेतू होता. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी असून पहिल्या पतीपासून विभक्त होत होती. प्रवासाचे हाल आणि अपुरे अन्न यांनी त्याच्या मुळच्या नाजूक प्रकृतीने हाय खाल्ली. १८८० च्या वसंतऋतूत ओकलंड येथे त्याच्या तोंडातून रक्त पडू लागले आणि तो जगतो की नाही, अशी शंका उत्पन्न झाली. फॅनीने त्याची शुश्रूषा केली. रुष्ट पित्याने अखेर वर्षाला २५० पौंड देण्याचे तारेने कळविले आणि १९ मे १८८० रोजी सान फ्रान्सिस्को येथे दोघांचा विवाह झाला. स्वच्छ, कोरडी हवा आणि सकस अन्न ही आता चैन नव्हती; जीव वाचविण्याचा तो उपाय होता.

नवविवाहित दांपत्य फॅनीच्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन नापा खोऱ्याच्या उत्तर टोकाच्या कॅलिस्टोगा गावी आले. तेथे उष्णोदकाचे झरे आहेत आणि गावावर सेंट हेलेना पर्वताची छाया पडलेली असते. खोऱ्यातील या मुक्कामात स्टीव्हन्सनने जे पाहिले त्यात द्राक्षमळ्यांनी त्याचे मन विशेष वेधले.

नापा खोऱ्यातील द्राक्षमद्याचा धंदा त्या काळी बाल्यावस्थेत होता. चार्ल्स क्रुग याने आपला कारखाना १८६१ साली काढला, तर याकोब श्राम याने १८६२ साली डोंगराच्या उतारावर जमीन घेतली. उलट युरोपात, जेथे शतकानुशतके ही विद्या नांदली, तेथे फायलोक्झेरा नावाची सूक्ष्म कीड वेलींची मुळे खाऊन मळेच्या मळे उजाड करीत होती. जुन्या जगातील मद्य संपते की काय, या चिंतेने स्टीव्हन्सन नव्या जगातील मळ्यांकडे पाहत होता.

त्याने हेरलेली गोष्ट अशी की, द्राक्षमळा लावणे हे खाण शोधण्यासारखेच आहे. कोणत्या मातीत कोणता वेल लावला असता उत्तम रस उतरेल, हे कोणालाच ठाऊक नसते. एक तुकडा फसतो, दुसरा बरा निघतो, तिसरा अपेक्षेबाहेर उत्तम ठरतो. फरक एवढाच की, खाणवाल्याला महिन्या-दोन महिन्यांत उत्तर हवे असते आणि मळेवाला पिढ्यांच्या हिशेबाने थांबतो.

पण या नव्या मद्याला एक लज्जास्पद व्याधी जडली होती. सान फ्रान्सिस्कोतील एका व्यापाऱ्याने स्टीव्हन्सनला आपल्या खासगी खोलीत नेले आणि कपाटाचे लहान लहान खण उघडून रंगीबेरंगी चिठ्ठ्यांचा ढीग त्याच्यापुढे टाकला. त्यांवर राजमुकुट छापलेले होते आणि युरोपातील नामांकित वाटावेत अशा वाड्यांची व मळ्यांची नावे होती. ती बहुतेक कल्पनेतील होती. कॅलिफोर्नियाच्या बाटलीवर अशी चिठ्ठी डकविली म्हणजेच तिला गिऱ्हाईक मिळे. स्वतःच्या मातीचे नाव सांगण्याची त्या मद्याला चोरी होती.

स्टीव्हन्सनने दोन मळ्यांना भेट दिली. पहिला मॅकेक्रन नावाच्या एका स्कॉट गृहस्थाचा. तो नवा, लहान आणि अजून ओबडधोबड होता. दुसरा श्रामचा. श्राम मूळचा जर्मन आणि व्यवसायाने न्हावी. मळ्याची जमीन फोडल्यावरही काही काळ तो वस्तरा घेऊन खोऱ्यातून पायी हिंडत असे. स्टीव्हन्सन आला तेव्हा मात्र त्याचे घर सुस्थितीत होते आणि डोंगर पोखरून केलेली त्याची तळघरे पिंपांनी भरलेली होती. ती तळघरे चिनी मजुरांनी खोदली होती. फॅनी ओसरीवर श्रामबाईंशी बोलत बसली आणि तिचा पती तळघरात एकामागून एक प्रकार चाखीत राहिला. प्रत्येक घोटासरशी श्राम पाहुण्याच्या मुद्रेकडे अभिमानाने आणि काळजीने पाहत होता. विशेष हे की, त्याच्या मद्यांना त्याच्याच मळ्याचे नाव होते. उसन्या राजमुकुटाची गरज त्याला वाटली नाही.

कॅलिस्टोगाच्या हॉटेलात फार दिवस राहणे परवडण्यासारखे नव्हते आणि पर्वतावरची हवा अधिक चांगली होती. तेथे सिल्व्हराडो नावाचे गाव १८७० नंतरच्या काही वर्षांत चांदीच्या आशेने वसले होते. चांदी लवकरच सरली. लोक गेले, इतकेच नव्हे तर बहुतेक घरेही उचलून नेण्यात आली. खाणीच्या तोंडाशी कामगारांची एक मोडकळीस आलेली इमारत उरली होती. तिची दारे-खिडक्या नाहीशा झाल्या होत्या, आतून रानझुडपे वाढली होती आणि वरच्या खोलीत कामगारांच्या फळ्यांच्या शय्या एकावर एक रचलेल्या तशाच होत्या. कोणाला भाडे न देता, कोणाची परवानगी न विचारता, या कुटुंबाने तेथे बिऱ्हाड केले.

या बिऱ्हाडाची खरी सूत्रधार फॅनी होती. १८६० नंतरच्या दशकात पहिल्या पतीबरोबर नेव्हाडातील चांदीच्या खाणींच्या वस्तीत तिने संसार केला होता. तेथे बाजार नव्हता; जे मांस मिळे तेच निरनिराळ्या रीतींनी शिजवून रोजच्या ताटात नवेपण आणण्याची कला तिने तेथे संपादिली. सिल्व्हराडोला तिने प्रथम दारा-खिडक्यांच्या पोकळ्यांवर पातळ कापड ताणून बसविले. पांढऱ्या कापडातून प्रकाश आत येई आणि वारा बाहेर राही. खाणीच्या लोहाराची पडीक भट्टीही विस्तवाच्या कामी आली. ज्या भट्टीने चांदी खणणाऱ्यांच्या पहारींना धार लावली, तिच्यापाशीच आता मंडळी जेवणास बसली.

दिवसाचा क्रम ठरलेला होता. सकाळी सर्वांआधी स्टीव्हन्सन उठे, चूल पेटवी आणि ओटची लापशी व कॉफी करी. पाणी झऱ्यावरून वाहून आणावे लागे. मांस आणि टपाल यांसाठी दरी उतरून टोल हाउस नावाच्या नाक्यावरील खानावळीपर्यंत जावे लागे, कारण घोड्यांच्या टपालगाड्या तेथे थांबत. शेजारी म्हणून एका शिकाऱ्याचे कुटुंब तेवढे होते. डळमळत्या फळ्यांवरून आणि निसटत्या दगडांवरून या खेपा घालताना शरीर थकून जाई, हे स्टीव्हन्सनने मोकळेपणाने नमूद केले आहे. भोवती सर्वत्र ऐकू येणारी किरकिर त्यांनी बरेच दिवस किड्यांची समजून ऐकली. ती खुळखुळ्या सापांची होती, हा उलगडा मागाहून झाला.

आणि संकट आले ते सापांकडून नव्हे. बिऱ्हाड मांडून थोडे दिवस झाले नाहीत तोच फॅनी आणि मुलगा यांना सौम्य घटसर्प झाला आणि सर्वांना पुन्हा कॅलिस्टोगास उतरावे लागले. चूल चालविणारी आजारी पडताच डोंगरावरचे सारे घर बंद झाले. प्रकृती सुधारताच मंडळी परत चढून आली आणि जुलै संपेपर्यंत तेथे राहिली. उन्हाळ्याच्या अखेरीस रुग्ण प्रवासास योग्य झाला आणि सहकुटुंब स्कॉटलंडला गेला. पर्वतावरच्या हवेला याचे श्रेय मिळते. ते योग्यही आहे. पण हवेबरोबर रोज वेळेवर पुढे आलेल्या गरम ताटाचेही ते श्रेय आहे. १८८३ साली 'द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात मळे, धुके आणि शेजारी यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली. फॅनीच्या हातच्या स्वयंपाकाला तसे प्रकरण मिळाले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. फायलोक्झेरा नापा खोऱ्यातही पसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत तेथील बहुतेक मळे तिने खाल्ले. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. इतक्या आघातांनंतरही मळे पुन्हा उभे राहिले. श्रामचा ओस पडलेला मळा १९६५ साली एका दांपत्याने घेऊन पुन्हा चालू केला. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून मद्यांची परीक्षा केली, तेव्हा पांढऱ्या मद्यांत पहिला क्रमांक कॅलिस्टोगाजवळच्या, सेंट हेलेना पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या शातो मॉन्टेलेना या कारखान्याला आणि तांबड्यांत नापातील स्टॅग्ज लीप या कारखान्याला मिळाला. खोट्या चिठ्ठ्यांच्या त्या कपाटाला मिळालेले हे उत्तर होते. फक्त त्यासाठी शहाण्णव वर्षे थांबावे लागले.

स्टीव्हन्सन १८९४ साली सामोआ बेटात वारला आणि फॅनी १९१४ साली. खाणीच्या जागी १९११ साली उघड्या पुस्तकाच्या आकाराचे एक शिलास्मारक उभारले गेले आणि १९४९ साली तो परिसर स्टीव्हन्सनच्या नावाचे राज्य-उद्यान झाला. ती इमारत, ती भट्टी आणि ती चूल यांपैकी काहीच राहिले नाही. एकाच खोऱ्याच्या डोंगरांत माणसांनी दोन जातीची भुयारे खोदली. चांदीचे भुयार काही वर्षांत रिकामे झाले. न्हाव्याच्या तळघरात अजूनही बाटल्या रांगेने मुरत पडलेल्या असतात.