लाँग, ह्यूई पिअर्स
(३० ऑगस्ट १८९३–१० सप्टेंबर १९३५). अमेरिकेच्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर (१९२८–३२) व नंतर सीनेटर. जन्म विनफील्ड येथे. गव्हर्नरपदी असताना त्याने शाळांतून मोफत पाठ्यपुस्तके दिली. रस्ते व पूल बांधले. तेलशुद्धीकरणावर कर बसविण्याच्या प्रयत्नामुळे विरोध उसळून त्याच्यावर महाभियोग आला (१९२९). पण तो फसला. १९३२ मध्ये पाठिंबा दिलेल्या रूझवेल्टशी त्याचे पुढे बिनसले. महामंदीने गांजलेल्यांसाठी त्याने धनिकांच्या संपत्तीवर मर्यादा घालून तिचे वाटप करण्याची योजना मांडली (१९३४). राज्याचे विधिमंडळ व नोकऱ्या मात्र त्याने आपल्या मुठीत ठेवल्या. बॅटन रूझ येथील विधानभवनात गोळी लागून दोन दिवसांनी तो मरण पावला. गरिबांना त्याच्यामुळे सोयी मिळाल्या. परंतु त्यांची किंमत लोकशाही संस्थांना मोजावी लागली.