ॲप्रेपिटंट आणि एचआयव्ही संशोधन

ॲप्रेपिटंट हे मळमळ व उलटी रोखणारे औषध आहे. मर्क कंपनीच्या या औषधास केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. 'सबस्टन्स पी' हे शरीरातील रसायन पेशींवरील ज्या एनके-१ ग्राहींना चिकटून उलटीची प्रेरणा देते, ते ग्राही हे औषध अडवते.

हेच ग्राही रोगप्रतिकारक पेशींवरही असतात. सबस्टन्स पीमुळे महाभक्षी पेशींत एचआयव्हीची वाढ होते आणि ग्राही अडवल्यास ती मंदावते, असे फिलाडेल्फिया येथील स्टीव्हन डग्लस व त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेत आढळले. उलटीवरील औषध एचआयव्हीग्रस्तांवर तपासून पाहण्याची कल्पना यातून पुढे आली.

पाब्लो टेबास व सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रुग्णांचे तीन गट करण्यात आले. दोन गटांना रोज १२५ किंवा २५० मिलिग्रॅम ॲप्रेपिटंट, तर तिसऱ्यास प्लासिबो, असे १४ दिवस देण्यात आले. २७ जणांनी उपचार पूर्ण केले. औषध सुरक्षित ठरले. विषाणूभार मात्र लक्षणीय घटला नाही. प्रयोगशाळेतील आशादायक निष्कर्ष एवढ्या मात्रेत रुग्णांमध्ये दिसला नाही. त्यानंतर संशोधनाचा रोख विषाणूऐवजी उपचारानंतरही टिकून राहणाऱ्या दाहाकडे वळला.

एचआयव्ही उपचारांतील रिटोनाविर हे ॲप्रेपिटंटचे विघटन करणाऱ्या सीवायपी३ए४ या विकराला रोखते. त्यामुळे ॲप्रेपिटंटची रक्तातील पातळी वाढते. म्हणून केमोथेरपी घेणाऱ्या एचआयव्हीग्रस्ताची सर्व औषधे डॉक्टरांना ठाऊक असणे आवश्यक ठरते.