'कुंकू'मधील नीरेची अडचण

१९३७ साली प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू' पडद्यावर आला. नातलगांनी फसवून वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानण्यास साफ नकार देते. शांता आपटे यांनी हा करारी नकार अजरामर केला.

पण नकारानंतर पुढे काय? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले होते. नवऱ्याच्या वयाला मात्र वरची मर्यादा नव्हती. काही जातींत काडीमोडाची चाल होती, पांढरपेशा घरांत तीही नाही. विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर मुभा मात्र १८५६ पासूनच! नीरेची सुटका व्हायची, तर नवऱ्याने मरणे भाग होते.

चित्रपटाच्या शेवटी काकासाहेब आत्महत्या करतात. या शेवटाला भावविवश म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. कथेला दुसरी वाट कायद्यानेच ठेवली नव्हती. (काकासाहेबांची सुधारक मुलगी साकारणाऱ्या शकुंतला परांजपे प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या प्रचारक होत्या.)

मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळाला १९४७ साली, 'कुंकू'नंतर दहा वर्षांनी. देशभरासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला.