पॅडवाल्याच्या हातातली लय

मारबत असो, ताजुद्दीनबाबांच्या उरुसातलं संदल असो की गणपतीचं विसर्जन, नागपुरात धुमाल पार्टी निघाली की गर्दीचे पाय ज्या ठेक्यावर पडतात तो बऱ्याचदा एका जपानी पेटीतून आलेला असतो. बेंजो आणि कीबोर्ड चाल वाजवतात, ताशे-नगाडे कानठळ्या बसवतात आणि या गदारोळात स्टँडवर ऑक्टोपॅड उभा असतो. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या. आवाज आधीच भरून ठेवलेले, पण ते कधी वाजायचे हे ठरवतो फक्त पॅडवाल्याचा हात. ड्रम मशीनच्या घराण्यात जन्मलेल्या या वाद्यानं घराण्याची सगळ्यात मोठी मिळकत, म्हणजे ठेका आपोआप चालवणारं घड्याळ, घेतलीच नाही. माझ्या मते ते इथे रुजलं ते त्यामुळेच.

घराणं जुनं आहे. १९५९ मध्ये अमेरिकेच्या वुर्लिट्झर कंपनीनं ‘साइडमन’ नावाचं लाकडी कपाट विकायला काढलं. आत मोटर. ती फिरली की विजेची टोकं ठरल्या क्रमानं जुळायची आणि फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ असे ठेके वाजायचे. ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ हवी, एवढाच उद्देश. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी आधी ‘एस टोन’मधून आणि १९७२ पासून ‘रोलंड’मधून हेच काम पुढे नेलं. १९७८ च्या सीआर-७८ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला, १९८० मध्ये टीआर-८०८. आठशे-आठमध्ये एका आवर्तनाची सोळा घरं पाडलेली असतात आणि प्रत्येक घराखाली एक बटण. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर दोन घरांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. रात्रभर चालवा, तेवढंच राहणार.

हे यंत्र मुंबईत लवकर पोचलं. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८ च्या ठेक्यावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवले आणि एचएमव्हीनं ती तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. तिच्यातला ठेका जराही हलत नाही आणि राग त्याच्यावरून वाहत जातो. त्या संगीताला तसाच ठेका हवा होता.

पण ढोलकीवर केरवा ऐका. दोन बोलांमधलं अंतर सारखं नसतं. दुसरा बोल किंचित उशिरा येतो, पुरता तिगुनीत जात नाही आणि दुगुनीतही राहत नाही. लचक म्हणतात ती तिथेच असते. अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० च्या आपल्या एलएम-१ या यंत्रात हीच गोष्ट आकड्यात बांधली. दोन-दोन घरांची जोडी घ्यायची आणि जोडीतलं दुसरं घर मागे सरकवायचं. ५० टक्के म्हणजे अगदी मधोमध. १२० च्या लयीत ५४ टक्के केलं की दुसरा ठोका जेमतेम १० मिलिसेकंद उशिरा येतो. एवढ्याशा फरकानं सरळ चालणारा ठेका डुलायला लागतो. ६६ च्या आसपास गेलं की तो तिगुनीतच शिरतो. १९८८ मध्ये अकाई कंपनीसाठी लिन यांनी एमपीसी-६० केलं, त्यात एका मात्रेचे ९६ भाग होते. १२० च्या लयीत एक भाग पाच मिलिसेकंदांहून थोडा मोठा. न्यूयॉर्कच्या हिपहॉपवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं.

दुसरी शाखा इथे फुटते. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९८५ मध्ये रोलंडनं पॅड-८ आणला, पहिला ऑक्टोपॅड. गंमत अशी की त्यात एकही आवाज नव्हता. काठी पडली की तो फक्त निरोप धाडायचा, वाजायचं दुसरंच यंत्र. मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहते, म्हणजे एका ठोक्याचा निरोप जायला सुमारे एक मिलिसेकंद. निरोप एकामागून एकच जातात, त्यामुळे आठ ठोके एकाच क्षणी पडले तर शेवटचा आठेक मिलिसेकंद रेंगाळणार. दोनच काठ्या असताना मात्र याची झळ जाणवत नाही. पुढे आवाज पेटीतच आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ते शेकड्यांनी होते आणि ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, लग्नाची वरात, सगळीकडे तो दिसू लागला.

मिरवणुकीची गरज पाहिली की हे का झालं ते कळतं. वाद्यांची गाडी चौकात अडते, पोरं हलायला तयार नसतात, बेंजोवाला मुखडा पाचव्यांदा घेतो, मग एकदम उठाण हवं असतं. स्वतःच्या घड्याळावर चालणारं यंत्र इथे आडवं येईल. पॅडवाला बेंजोवाल्याच्या मानेकडे बघून लय अर्ध्या श्वासानं ओढतो किंवा सोडतो.

आणि अचूकपणाचं म्हणाल तर रस्त्यावर त्याचा हिशेबच बदलतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गाडीपासून दहा मीटरवर नाचणाऱ्याला ठोका जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तीस मीटरवरच्याला तिप्पट. तरी त्याचे पाय चुकत नाहीत, कारण प्रत्येक ठोका त्याच्यापर्यंत सारख्याच उशिरानं पोचतो. कान ओळखतो ते ठोक्याठोक्यातलं अंतर. केरव्यातला बोल १० मिलिसेकंदांनी मागे पडला असेल तर तो तीस मीटरवरही तेवढाच मागे असतो. लचक शेवटच्या रांगेपर्यंत शाबूत जाते.

२०१० च्या एसपीडी-३० नं वाजवलेला तुकडा फिरवत ठेवायची सोय दिली. म्हणजे घड्याळ मागच्या दारानं परत आलं. फरक इतकाच की आता त्यात फिरते ती पॅडवाल्याच्याच हातची लचक, आणि गाडी चौकात अडली की ते बंद करून त्याला पुन्हा काठ्या उचलाव्या लागतात.