पाठीमागचा रस्ता

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे चालता चालता त्याला मागचेही पुष्कळ दिसते. घोडा जाऊन इंजिन आले, तेव्हा वाहनाचे हे डोळे गेले. त्यांची उणीव भरून काढण्याचे काम काचेच्या एका तुकड्याकडे आले.

1909 साली लंडनमध्ये डोरोथी लेव्हिट या मोटार चालविणाऱ्या बाईंचे स्त्रियांसाठी लिहिलेले एक पुस्तक प्रसिद्ध झाले. गाडी हाकताना हातआरसा जवळ बाळगावा आणि रहदारीत मधूनमधून तो उंच धरून मागे पाहावे, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. शृंगाराची वस्तू अशा रीतीने रस्त्यावर आली.

30 मे 1911 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 500 मैलांची शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक यांत्रिक बसे व मागून कोण येत आहे हे तो सांगे. रे हॅरून मात्र एकटाच होता. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेताच त्याने आपल्यासमोर 3 इंच उंचीचा व 8 इंच लांबीचा आरसा बसविला. 1904 साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिल्याचे तो सांगत असे. सुमारे 6 तास 42 मिनिटांत त्याने शर्यत जिंकली आणि आरशाचीही कीर्ती झाली. पुढे मात्र त्यानेच कबुली दिली, की विटांनी बांधलेल्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरे, की त्यात काहीच धड दिसत नसे.

मोटारसायकलच्या आरशाचा पुढील इतिहास हा या थरथरीशी चाललेला झगडाच होय. आरसा एक अंश हलला, की परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणजे दोष दुप्पट होतो. त्यातच फटफटीचा आरसा हँडलवरील दांडीच्या टोकाला असतो. तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे या दांडीलाही स्वतःचा एक कंप असतो. इंजिनाचा वेग त्या कंपाशी जुळला, की मागची मालमोटार नुसता डाग होऊन राहते. म्हणून केवळ काच बदलून भागत नाही. दांडी जाड व आखूड करावी, आरशाचे वजन वाढवावे, बुडाशी रबर घालावे, असे उपाय निघाले. परंतु दांडी फार आखूड केली, तर स्वाराला स्वतःचे कोपरच दिसत राहते. पाठीमागे सामान बांधून लांबचा प्रवास करणाऱ्यास ही अडचण विशेष जाणवते.

मोठ्या कंपन्यांनी मग रोगाच्या मुळाशी हात घातला. 1974 साली कोलोन येथे होंडाने ‘गोल्ड विंग’ ही गाडी दाखविली. तिचे सिलिंडर समोरासमोर असल्यामुळे त्यांचे धक्के परस्परांना पुष्कळसे निष्फळ करीत. 1983 साली बीएमडब्ल्यूच्या ‘के100आरएस’ या गाडीत आरसे हँडलवरून उचलून वारा अडविणाऱ्या पुढच्या आवरणावर बसविण्यात आले.

भारतात 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेली ‘बुलेट’ एका सिलिंडरची. तिचा ठोका आणि तिचा थरकाप ही जुळी भावंडेच होत. 2020 साली ‘मिटिऑर 350’ या गाडीत रॉयल एनफिल्डने कंपाचा तोल सावरणारा दंड असलेले नवे इंजिन आणले. 2023 मध्ये ‘बुलेट’लाही ते मिळाले.

थरथर आवरली, तरी एक प्रश्न उरतोच. सपाट आरसा अंतर खरे दाखवितो, पण थोडेच दाखवितो. बहिर्गोल आरसा पुष्कळ दाखवितो, पण जवळचे वाहन लांब भासवितो. सपाट आरसा काढून बहिर्गोल बसविणाऱ्या प्रवाशाने, घाटात पुढची गाडी ओलांडण्याआधी, अंतराचा अंदाज नव्याने शिकला पाहिजे. शिवाय खांद्यालगतची काही जागा कोणत्याच आरशात उतरत नाही. तेथे अजूनही मान वळवूनच पाहावे लागते.